सुकाणूचे छर्रे : मुलांच्या लहान मोटारसायकलीची झीज व दुरुस्ती

कावेरीच्या डाव्या तीरावर, म्हैसूर शहरापासून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर तलकाड हे गाव आहे. गंग राजांची ही एके काळची राजधानी. अकराव्या शतकाच्या आरंभी ती चोळांच्या हाती गेली आणि पुढे १११६ च्या सुमारास होयसळ राजा विष्णुवर्धन याने ती जिंकून घेतली. परंतु आज तलकाडची प्रसिद्धी राजवंशांपेक्षा वाळूमुळे अधिक आहे. येथील मंदिरे शतकानुशतके वाळूखाली जात राहिली. पाताळेश्वर किंवा मरुळेश्वर यांचे दर्शन घ्यावयाचे तर आजही भोवतालच्या वाळूच्या पातळीखाली उतरावे लागते. १६१० मध्ये श्रीरंगपट्टण वडियारांच्या ताब्यात आले, त्या वेळी अलमेलम्मा या राणीने तलकाडची वाळू होवो असा शाप दिला, अशी लोककथा आहे. काही संशोधकांच्या मते मात्र या घटनेचे मूळ चौदाव्या शतकात नदीवर घातलेल्या बंधाऱ्यात शोधले पाहिजे. बंधाऱ्यामुळे पात्रातील वाळू उघडी पडली आणि नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याने ती गावावर आणून टाकली.

जो कण वाऱ्यावर उडून एक मंदिर झाकू शकतो, तो यंत्राच्या बंदिस्त सांध्यातही सहज शिरू शकतो. प्रस्तुत लेखाचा विषय अशाच एका सांध्याची झीज हा आहे. मुलांसाठी बनवलेल्या, मातीच्या वाटेवर चालवावयाच्या लहान मोटारसायकलीचे हँडल ज्या छर्ऱ्यांवर फिरते, ते छर्रे व त्यांच्या वाट्या का झिजतात, ही झीज कशी ओळखावी आणि तिची दुरुस्ती कशी करावी, हे येथे क्रमाने पाहू.

सांध्याची रचना

मुलांच्या अशा वाहनांना सर्वत्र ‘डर्ट बाइक’ म्हणतात. त्यांतील सर्वांत लहान वाहनांचे एंजिन ५० घनसेंटिमीटरच्या आसपास असते. यामाहा कंपनीचे १९८१ मध्ये निघालेले ‘पीडब्ल्यू ५०’ हे या वर्गातील एक परिचित उदाहरण होय. मूल दोन-तीन वर्षांत वाढते आणि वाहन त्याला अपुरे पडू लागते. त्यामुळे ही वाहने एका घरातून दुसऱ्या घरात जात राहतात आणि वापरलेले वाहन विकत घेणारा पालक बहुधा तिसरा किंवा चौथा मालक असतो. रंग नवा दिलेला असतो, आसनावर नवे कापड चढवलेले असते. हँडलाखालच्या सांध्याकडे मात्र क्वचितच कोणी पाहिलेले असते.

सायकलीचे दुकान ज्याने पाहिले आहे त्याला या सांध्याची रचना नवी वाटणार नाही. सांगाड्याच्या पुढच्या टोकाशी एक आखूड नळी असते. पुढच्या चाकाला धरणाऱ्या चिमट्याचा दांडा या नळीतून वर जातो. नळीच्या वरच्या व खालच्या तोंडाशी पोलादाची एकेक वाटी ठोकून बसवलेली असते, तिच्यासमोर दांड्यावर एक कोन असतो, आणि वाटी व कोन यांच्यामध्ये छर्ऱ्यांची माळ असते. कारागीर या सर्व संचाला ‘कोनसेट’ म्हणतात. शास्त्रीय ग्रंथांतून अशा आधाराला ‘धारवा’ ही संज्ञा आढळते, तर बाजारात ‘बेअरिंग’ हाच शब्द चालतो. काही वाहनांत सुट्या छर्ऱ्यांऐवजी निमुळत्या रोलरांचे बेअरिंग असते. या प्रकाराचे एकस्व अमेरिकेत हेन्री टिमकेन याने १८९८ मध्ये मिळवले. रोलर रेषेवर टेकतो, छर्रा बिंदूवर टेकतो. म्हणून रोलर अधिक भार सोसतो. तत्त्व मात्र एकच आहे : घसरण्याच्या जागी गडगडणे आणावयाचे.

म्हैसूरच्या परिसरातील जुन्या कारागिरांना ही रचना हाताच्या रेषांइतकी परिचित आहे, आणि त्याला कारण आहे. म्हैसूरमध्ये ‘आयडियल जावा’ या कारखान्यात १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा मोटारसायकली तयार होऊ लागल्या. पुढे त्या ‘येझ्दी’ या नावाने निघत आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडेपर्यंत त्यांची निर्मिती चालू होती. त्या गाड्यांच्या सुकाणूत सुटे छर्रेच असत. कारखाना गेला तरी गाड्या राहिल्या, आणि त्या गाड्या चालत्या ठेवण्याची विद्याही काही हातांत राहिली. लहान मुलाच्या वाहनाचा कोनसेट बदलण्यास वेगळी विद्या लागत नाही. तीच विद्या लहान मापाने वापरावी लागते.

झीज का होते

चाकाचे बेअरिंग दिवसभर पुरे फेरे घेते. त्यातील प्रत्येक छर्रा सतत नव्या जागी जातो आणि वंगणाचा पातळ थर आपल्याबरोबर फिरवीत राहतो. सुकाणूच्या बेअरिंगचे जीवन याच्या अगदी उलट असते. वाहन चालू असताना हँडल बहुतेक वेळ सरळच असते आणि दोन्ही बाजूंना काही अंशच हलते. म्हणून प्रत्येक छर्रा वाटीच्या त्याच त्या ठिकाणी टेकून राहतो आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का त्याच बिंदूवर बसतो.

हे धक्के किती मोठे असतात, याचा अंदाज साध्या तरफेच्या नियमाने करता येतो. उदाहरणापुरते असे समजू की, वरची व खालची वाटी यांच्यामध्ये १२ सेंटिमीटर अंतर आहे आणि खालच्या वाटीपासून चाकाचा आस ४८ सेंटिमीटर खाली आहे. दगडाला आपटून चाकावर मागच्या दिशेने जेवढा जोर येईल, त्याच्या चौपट जोर वरच्या वाटीवर आणि पाचपट जोर खालच्या वाटीवर येतो. हा सगळा जोर छर्ऱ्यांच्या टेकण्याच्या सूक्ष्म जागांवर एकवटतो. दोन वक्र पृष्ठे एकमेकांवर दाबली असता त्यांच्या स्पर्शस्थानी किती दाब निर्माण होतो, याचे गणित जर्मन शास्त्रज्ञ हाइन्रिख हर्ट्झ याने १८८० च्या दशकाच्या आरंभी मांडले. स्पर्शाचे क्षेत्र इतके लहान असते की माफक भारानेही प्रचंड दाब उत्पन्न होतो. मोठ्या उडीनंतर चाक जोराने आदळले तर हा दाब पोलादाच्या सहनशक्तीबाहेर जातो आणि वाटीत छर्ऱ्याच्या आकाराचा खळगा कायमचा उमटतो. धातूचा कठीणपणा गोळी दाबून मोजण्याची पद्धत स्वीडिश अभियंता ब्रिनेल याने १९०० मध्ये जगापुढे ठेवली. या खळग्यांनाही त्याचेच नाव मिळाले आहे.

मोठा आघात झाला नाही तरी खळगे पडतात. १९३० च्या दशकात अमेरिकेत नव्या मोटारी रेल्वेने दूरच्या गावी पाठवल्या जात. त्या मोटारींची चाके वाटेत फिरत नसत, तरीही मुक्कामी पोचल्यावर त्यांच्या बेअरिंगमध्ये ओळीने खळगे आढळत. डब्याच्या कंपनामुळे छर्रे जागच्या जागी थरथरत राहिले होते. त्या थरथरीने त्यांच्याखालचे वंगण बाजूला सरले होते आणि उघडे पोलाद पोलादावर घासून त्याचा तांबूस चुरा झाला होता. सुकाणूच्या बेअरिंगमध्ये नेमकी हीच क्रिया वर्षानुवर्षे चालू असते.

याच्या जोडीला वाळू येते. नदीच्या वाळूत गारेचे कण मोठ्या प्रमाणात असतात. खनिजांच्या कठीणपणाची जी मोसची मापपट्टी आहे, तीत गारेचा क्रमांक सातवा लागतो. बेअरिंगचे पोलाद चांगले कठीण केलेले असले तरी गार त्याहून कठीण आहे आणि त्यावर ओरखडा काढू शकते. वाळूचा कण ग्रीसमध्ये मिसळला की वंगणाचेच पॉलिश करण्याचे मलम होते. खालची वाटी चाकाच्या नेमकी वर असते. चाकाने उडवलेली वाळू प्रथम तिथेच पोचते आणि धुतल्यानंतर पाणीही तिथेच मुरते. भारही तिच्यावरच अधिक असतो. वरची वाटी चकचकीत आणि खालची गंजलेली, असे दृश्य म्हणूनच वारंवार दिसते.

हँडल अडल्याने काय होते

दुचाकी वाहन उभे राहते ते स्थिर राहून नव्हे. चालक आणि वाहन मिळून क्षणोक्षणी तोल सावरीत असतात. वाहन उजवीकडे कलू लागले की पुढचे चाक किंचित उजवीकडे वळते आणि तोल परत येतो. या हालचाली इतक्या लहान असतात की चालवणाऱ्याला त्या जाणवतही नाहीत. वाटीत खळगे पडले की हँडल बरोबर मधल्या स्थितीत अडकू लागते. छर्रे खळग्यांतून बाहेर काढण्यास थोडा जास्त जोर लागतो, आणि बाहेर पडताच हँडल गरजेहून अधिक वळते. वाहन नागमोडी जाऊ लागते.

मोठ्या माणसाच्या दंडात हा दोष लपून जातो. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हातात तो लपत नाही. त्याचे हात आखूड असतात आणि वजन कमी असते. शिवाय वाहन कसे चालावयास हवे याची तुलना करण्यास त्याच्याजवळ पूर्वीचा अनुभव नसतो. ते मूल पडते आणि पडण्याचा दोष स्वतःकडे घेते. ‘तुला अजून जमत नाही’ असे त्याला सांगितले जाते. पुष्कळदा जमत नसते ते वाटीला, मुलाला नव्हे. म्हणून मुलाच्या कौशल्याविषयी मत देण्यापूर्वी पालकाने हँडल स्वतः तपासावे.

परीक्षा

एंजिनाखाली भक्कम ठोकळा ठेवून पुढचे चाक जमिनीपासून उचलावे. हँडलाला जाणाऱ्या तारा कोठे ताणल्या जात नाहीत ना, हे आधी पाहावे, कारण ताणलेल्या तारेचा विरोध बेअरिंगचा विरोध वाटू शकतो. मग दोन बोटांनी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. सर्वत्र सारखी, मऊ हालचाल असली पाहिजे. मध्यावर किंचित अडखळल्यासारखे वाटले तर खळगे पडले आहेत. सर्वत्र खरखर वाटली तर वाळू किंवा गंज आहे.

यानंतर जमिनीवर बसून चिमट्याची खालची टोके दोन्ही हातांनी धरावीत आणि पुढे-मागे हलवावीत. ‘टक्’ असा आवाज किंवा धक्का जाणवला तर सांधा ढिला आहे. हा ढिलेपणा नेमका कोठला, हे ठरविण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीने नळी व चिमटा यांच्या फटीवर बोट ठेवावे. तेथे हालचाल जाणवली तर दोष सुकाणूत आहे. तेथे न जाणवता चाकच डावीकडे-उजवीकडे डुलत असेल तर दोष चाकाच्या बेअरिंगचा आहे.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. वापरलेले वाहन विकताना सांध्याचा आवाज बंद करण्यासाठी वरचा नट घट्ट आवळण्याची प्रथा आढळते. अशा वाहनाचा आवाज जातो, परंतु हँडल जड होते आणि मध्यावरचा अडथळा अधिकच तीव्र होतो. खळगा आवळून भरत नाही. ढिलेपणा हा नटाने दूर होणारा दोष आहे. खळगा हा वाटी बदलूनच दूर होणारा दोष आहे. या दोहोंतील फरक ओळखणे हाच या परीक्षेचा हेतू होय.

दुरुस्तीचा क्रम

वाहनाखाली प्रथम एक जुनी चादर अंथरावी. सुटे छर्रे निसटून मातीत गेले तर ते सापडत नाहीत. तारा कोणत्या बाजूने जातात याचे रेखाचित्र करून ठेवावे. पुढचे चाक काढावे, हँडल सोडवून बाजूला टांगावे, आणि ब्रेकची तार किंवा नळी पिळली जाणार नाही याची काळजी घ्यावी. नंतर वरचा मोठा नट काढून चिमट्याला जोडणारी वरची पट्टी उचलावी. तिच्याखाली खाचांचा गोल नट दिसेल. तो सोडवण्यापूर्वी चिमट्याला खालून आधार द्यावा, नाही तर दांडा एकदम खाली सरकेल. वरचे व खालचे छर्रे वेगवेगळ्या वाटीत जमा करावेत आणि दोन्हींची संख्या लिहून ठेवावी. आधीच्या कारागिराने एखादा छर्रा गमावलेला असू शकतो, म्हणून ही संख्या नव्या संचाशी ताडून पाहावी.

सर्व भाग रॉकेलने स्वच्छ धुऊन, पुसून, उजेडात पाहावेत. छर्ऱ्यांच्या वाटेवरून नखाचे टोक फिरवावे. डोळ्याला न दिसणारा खळगा नखाला कळतो. खळगा, गंजाचा डाग किंवा सोललेला पृष्ठभाग आढळला की संपूर्ण संच बदलावा. फक्त छर्रे नवे घालून जुन्या वाट्या ठेवणे ही खोटी काटकसर होय. नवा छर्रा जुन्या खळग्यात जाऊन बसतो आणि दोष जसाच्या तसा राहतो.

जुनी वाटी काढण्यासाठी नळीच्या विरुद्ध तोंडातून लांब पोगर आत घालावा. त्याचे टोक वाटीच्या कडेवर टेकवून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असे हलके ठोके द्यावेत. एकाच बाजूला ठोकल्यास वाटी तिरपी होऊन अडकते आणि नळीचे तोंड पसरते. दांड्यावरचा खालचा कोन दोन छिन्न्या समोरासमोर लावून थोडाथोडा वर उचलावा. हे काम करताना डोळ्यांवर चष्मा असावा. कठीण पोलादाचा कपचा उडाल्यास तो डोळ्यात जाऊ शकतो.

नव्या वाट्या बसवण्यापूर्वी त्यांची बैठक पुसून तेलाचा हात द्यावा. वाटी सरळ ठेवून तिच्यावर जुनी वाटी उलटी धरावी आणि तिच्यावर ठोके द्यावेत. छर्ऱ्यांच्या वाटेवर हातोडीचा घाव कधीही पडता कामा नये. याहून चांगला मार्ग म्हणजे नळीतून आटे पाडलेली सळई घालावी, दोन्ही टोकांना जाड वायसर व नट लावावेत आणि पान्याने वाटी हळूहळू आत ओढून घ्यावी. ठोकून बसवताना वाटी पूर्ण टेकली की आवाज बदलतो. पोकळ आवाज जाऊन भरीव आवाज येतो. कान हे येथे मोजमापाचे साधन आहे.

वाट्यांत पाण्याने न धुतले जाणारे चांगले ग्रीस भरपूर भरावे. सुटे छर्रे त्या ग्रीसमध्ये एकेक करून चिकटवावेत, म्हणजे ते जागेवर राहतात. छर्रे एकमेकांवर चढलेले नाहीत हे पाहून दांडा खालून वर घालावा आणि गोल नट हाताने फिरवावा. नंतर पान्याने नट थोडा घट्ट आवळून हँडल दोन्ही टोकांपर्यंत अनेक वेळा फिरवावे. त्यामुळे छर्रे व वाट्या आपापल्या जागी बसतात. मग नट सैल करून पुन्हा इतकाच आवळावा की ढिलेपणा नुकताच नाहीसा होईल. वरची पट्टी बसवून मोठा नट आवळल्यानंतर हीच परीक्षा पुन्हा करावी, कारण वरच्या नटाच्या दाबाने खालची जुळणी बदलते. पुढचे चाक उचललेले असताना हँडलाला मध्यापासून किंचित ढकलले तर ते आपल्याच वजनाने सावकाश एका बाजूला गेले पाहिजे, आणि चिमटा हलवला तर आवाज येता कामा नये. या दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या झाल्या म्हणजे जुळणी बरोबर झाली. एक-दोन तासांच्या वापरानंतर वाट्या थोड्या आणखी बसतात, म्हणून त्या वेळी पुन्हा एकदा तपासणी करावी.

पुढची काळजी

खालच्या वाटीभोवती रबराचे वेष्टन असते. ते फाटले असल्यास नवे घालावे. बाहेर ओघळलेले ग्रीस पुसून टाकावे, कारण त्यावर वाळू चिकटते आणि हळूहळू आत जाते. वाहन धुताना जोराच्या पाण्याचा फवारा या सांध्यावर धरू नये. नदीकाठच्या वाळूत वापरलेल्या वाहनाचा सांधा पावसाळ्यानंतर एकदा उघडून, धुऊन, नव्या ग्रीसने भरावा. खर्च फक्त थोड्या ग्रीसचा व एका दुपारचा आहे.

वाहन कोठे चालवावे हाही काळजीचाच भाग आहे. अशी वाहने सार्वजनिक रस्त्यावर आणण्यास परवानगी नाही. अल्पवयीन मुलाने कायदा मोडून वाहन चालविल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५,००० रुपये दंड व ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तलकाडच्या टेकड्यांवरही चाके नेणे योग्य नव्हे. त्या वाळूखाली इतिहासाचे अवशेष आहेत आणि तिच्यावर वाळू धरून ठेवण्यासाठी झाडे लावलेली आहेत. स्वतःचे किंवा परवानगी मिळालेले मोकळे शेत, डोक्यावर मापाचे शिरस्त्राण आणि जवळ उभे असलेले एक मोठे माणूस, एवढे असले म्हणजे मुलाला आनंद घेण्यास पुरेसे आहे.

शक्य असेल तर दुरुस्तीच्या वेळी मुलाला शेजारी बसवावे. छर्रे मोजण्याचे आणि नखाने खळगा शोधण्याचे काम त्याच्या लहान बोटांना चांगले जमते. ज्या मुलाने आपल्या वाहनाचा झिजलेला कोन हातात धरून पाहिला आहे, ते हँडल अडू लागताच थांबते आणि मोठ्यांना सांगते. वाळूने मंदिर एका रात्रीत झाकले नाही आणि वाटीतला खळगाही एका दिवसात पडत नाही. दोन्ही ठिकाणी वेळेवर पाहणारी नजर असली तर पुढचे पुष्कळसे नुकसान टळते.